पाय पांघरुणाबाहेर, डोकं उशीवर

पत्र थोडक्यात असं आहे:

‘अक्का, आम्ही बेळगावजवळच्या येळ्ळूरचे. आमचे मालक उद्यमबागेत फाउंड्रीत भट्टीवर आहेत. महिन्यातले दोन आठवडे नाइट शिफ्ट. सकाळी आठ-सव्वाआठला घरी येतात, चहा-नाष्टा करून साडेनऊला निजतात आणि एक वाजला की घामाघूम होऊन उठून बसतात. “डोकं तापलंय” म्हणतात. हात लावून बघितलं तर ताप नसतो. रात्री घरी झोपले तरी पाय पांघरुणाबाहेर. सासूबाई म्हणतात, अंगात उष्णता साठल्या, काशाच्या वाटीनं तळपायाला तूप घासा. मुलगा बारावी सायन्सला. तो म्हणतो झोपेत मेंदू थंड होतो, पायाचा काय संबंध, डोक्यावर ओला टॉवेल ठेवा. रोज आजी-नातवाची जुंपते. माझं उलटंच. थंडीत पाय बर्फ, तास-दीड तास डोळ्याला डोळा लागत नाही. आता आरोग्य शिबिरात मालकांचं बीपी १५०/९६ निघालं. ते म्हणतात, रात्रभर जागून तसाच तिथं गेलो म्हणून वाढलं. खरं काय? आणि हसू नका, गोठ्यातली म्हैस रात्रभर डोळे उघडे ठेवून रवंथ करते, तिचं नाही का डोकं तापत?’

हसले नाही. उलट सगळ्या पत्रात म्हशीचाच प्रश्न मला जास्त आवडला. पण तिच्याकडे सावकाश येऊ, आधी घरातलं भांडण.

सासूबाई आणि नातू, दोघांचंही बरोबर आहे. फक्त एकाच रस्त्याची दोन टोकं धरून दोघं ओढतायत. मेंदू झोपेत थंड होतो, हे नातवाचं खरं. त्याची उष्णता बाहेर पडायची वाट पायांतून जाते, हे आजीचं खरं.

मेंदू वजनाला शरीराच्या दोन टक्के. पण बसल्या जागी शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं, त्यातला पाचवा हिस्सा हा एकटा खातो. ऊर्जा जळली की उष्णता आलीच. तो बसलाय हाडाच्या डब्यात, वर केसांचं छप्पर. मग ही उष्णता नेणार कोण? रक्त. छातीतून वर जाणारं रक्त मेंदूपेक्षा किंचित गार असतं. ते उष्णता उचलतं आणि शिरांतून खाली आणतं. खाली आणून ती काळजाजवळ ठेवून भागत नाही, अंगाबाहेर टाकावी लागते. त्यासाठी शरीरानं राखून ठेवलेली खास जागा म्हणजे तळहात, तळपाय आणि बोटांची टोकं.

या ठिकाणी कातडीखाली धमनीला शिरेशी थेट जोडणाऱ्या आडवाटा आहेत. बारीक केशवाहिन्यांचा फेरा चुकवून रक्त या आडवाटांनी भसाभस जातं, कातडी कोमट करतं आणि उष्णता हवेत सोडून देतं. तुम्ही भातशेतीची माणसं, तुम्हाला सांगायला सोपं आहे. वाफ्यात पाणी चढलं की आपण बांध फोडतो, पाणी खालच्या वाफ्यात उतरतं. तिन्हीसांजा होऊन दोन-तीन तास गेले की मेंदू हा बांध फोडायला लागतो. हातपाय कोमट होतात आणि पोटातलं, छातीतलं, डोक्यातलं तापमान उतरू लागतं. २४ तासांतला हा चढउतार जेमतेम एका डिग्रीचा, पण झोपेची बरीचशी मदार त्या एका डिग्रीवर. सगळ्यात खालचा आकडा लागतो पहाटे चार-पाचच्या सुमाराला. झोपेतच पायानं घोंगडं चाचपडायची वेळ तीच.

स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात संशोधकांनी याची नीट मोजदाद केली आणि १९९९ साली ती छापून आली. माणूस किती लवकर झोपेल, हे आधी सांगायला कोणती खूण सगळ्यात भरवशाची, हा त्यांचा प्रश्न. शरीराच्या आतलं तापमान बघितलं, नाडी बघितली, झोपेचं संप्रेरक मेलाटोनिन बघितलं, माणसाला स्वतःला किती झोप आल्यासारखी वाटते तेही विचारलं. या सगळ्यांवर मात केली ती एका साध्या गोष्टीनं: धडाच्या मानानं हातपाय किती गरम आहेत. पाय गरम, पोट नरम, डोकं थंड असं आपल्याकडची म्हातारी माणसं म्हणत आलीत. त्यातलं पोटाचं आणि डोक्याचं बाजूला ठेवू, पायांचं बाझेलनं मोजून दाखवलं.

तर मालकांचे पाय पांघरुणाबाहेर जातात तो आजार नव्हे. गाडीचा रेडिएटर बॉनेटच्या तोंडाशी का बसवतात, ते भट्टीवरच्या माणसाला विचारा, तो तुम्हाला समजावून सांगेल. पाय बाहेर काढले की आत डोकं उतरतं. हात लावायला गरम लागणारी कातडी म्हणजे आतली उष्णता वाढली असं नाही. पुष्कळदा ती बाहेर निघाली, असाच त्याचा अर्थ असतो.

काशाच्या वाटीनं घासून उष्णता ‘ओढली जाते’ असं मात्र नाही. वाटीखाली जो काळा मळ जमतो तो काशाचा आणि तुपाचा, मालकांच्या अंगातला नव्हे. पण पंधरा मिनिटं कुणी मायेनं तळपाय चोळले की तिथल्या रक्तवाहिन्या सैल होतात, पाय कोमट होतात, माणूसही सैल होतो. तेवढ्यासाठी घासायला माझी ना नाही. तूप महाग आहे, खोबरेल चालेल.

आता नातवाच्या बाजूचं. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या मागं खोल, हायपोथॅलॅमस नावाचा एक लहानसा भाग आहे. त्याच्या पुढच्या टोकाला अशा पेशी आहेत ज्या रक्ताची ऊब ओळखतात. शरीर किती गरम ठेवायचं ते ठरवणाऱ्या पेशी आणि माणसाला झोपवणाऱ्या पेशी तिथं शेजारी-शेजारी, एकमेकींत मिसळून नांदतात. झोप लागायच्या वेळी हा भाग आपलं बटण थोडं खाली फिरवतो. आता ३७ डिग्रीचं शरीर त्याला जास्त तापलेलं वाटतं. तो रक्तवाहिन्या उघडतो, लागला तर घामही सोडतो. निजवलेल्या लेकराची उशी पहिल्या अर्ध्या तासात ओली होते ना, ती यामुळं. आया घाबरून ताप बघतात. ताप नसतो, उष्णता बाहेर पडत असते.

मग येते गाढ, शांत झोप. मेंदूचं काम मंदावतं, त्याला लागणारं रक्त कमी होतं, तो काही दशांश डिग्रीनं गार पडतो. नाडी हळू होते. रक्तदाब दिवसाच्या मानानं १० ते २० टक्के उतरतो. या झोपेत मेंदूत आणखी एक गंमत चालते. बॉस्टनच्या संशोधकांनी २०१९ साली झोपलेल्या माणसांच्या मेंदूचं एमआरआय घेऊन दाखवलं की पेशींची एक मोठी, संथ लाट शांत झाली की मेंदूतलं रक्त थोडं ओसरतं आणि त्या रिकाम्या जागेत मेंदूभोवतीचं पाणी आत शिरतं. पुन्हा रक्त भरतं, पाणी मागं सरतं. समुद्रासारखी भरती-ओहोटी, कवटीच्या आत.

इथवर सगळं सरळ. वाकडं वळण येतं ते दीड तासानं, स्वप्नाच्या झोपेत.

बंद पापण्यांखाली बुबुळं भरभर फिरतात, हे शिकागोच्या शास्त्रज्ञांनी १९५३ साली छापलं, आणि पुढं हिला नाव पडलं रेम, म्हणजे ‘रॅपिड आय मूव्हमेंट’. मी तिला स्वप्नझोप म्हणते, विद्यार्थ्यांना ते लक्षात राहतं. हिच्यात मेंदू जागेपणीसारखा पेटतो. त्याचा रक्तपुरवठा पुन्हा वाढतो, काही भागांत तर जागेपणापेक्षा जास्त. नाडी आणि रक्तदाब एका जागी ठरत नाहीत, हिंदोळतात. हातापायांचे स्नायू लुळे पडतात. बहुतेक सस्तन प्राण्यांत मेंदूचं तापमान पुन्हा चढतं. आणि नेमक्या याच वेळी तापमान सांभाळणारा पहारेकरी जागा सोडून जातो.

हे दाखवलं इटलीतल्या बोलोन्याचे शास्त्रज्ञ पार्मेज्जानी यांनी, १९६० च्या दशकात, मांजरांवर. गार खोलीत ठेवलेलं मांजर शांत झोपेतसुद्धा थंडीनं कुडकुडत होतं, म्हणजे झोपेतही शरीर ऊब सांभाळत होतं. स्वप्नझोप सुरू झाली आणि कुडकुडणं थांबलं. थंडी तेवढीच. मग खोली तापवली. शांत झोपेत मांजर धापा टाकून उष्णता बाहेर काढत होतं. स्वप्नझोप लागली आणि धापाही थांबल्या. सस्तन प्राणी म्हणजे आपली ऊब आपण राखणारा प्राणी, अशी व्याख्या आपण शाळेत पाठ करतो. तोच प्राणी रोज थोडा वेळ सरड्यासारखा होतो! माणसात हा कारभार पुरता बंद पडत नाही, पण कुडकुडणं जवळजवळ थांबतं आणि घाम येणं मंदावतं.

निसर्गानं हा धोका का पत्करला यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. एक तर्क मला पटण्यासारखा वाटतो. गाढ झोपेत गार पडलेल्या मेंदूला मधूनमधून ऊब देण्यासाठी स्वप्नझोप असावी. फर सील नावाचा एक समुद्री प्राणी जमिनीवर आपल्यासारखा दोन्ही बाजूंनी झोपतो आणि त्याला स्वप्नझोप पडते. समुद्रात मात्र तो मेंदूचा अर्धा भाग झोपवतो आणि अर्धा जागा ठेवतो, आणि तिथं आठवडेच्या आठवडे त्याला स्वप्नझोप जवळजवळ नसतेच. हे २०१८ साली प्रसिद्ध झालं. अर्धा मेंदू जागा असला की डोकं फार गार पडत नाही, मग उबेची गरज कशाला, असा तो तर्क.

आता तुमच्या मालकांकडे या. नाइट करून माणूस घरी आला तरी त्याच्या शरीराचं घड्याळ उद्यमबागेला जात नाही, ते येळ्ळूरच्या सूर्यावर चालतं. साडेनऊला ते आडवे होतात तेव्हा आतलं तापमान चढणीला लागलेलं असतं. म्हणजे मेंदू बांध फोडायला बघतो आणि घड्याळ तोच बांध बुजवत असतं. दुसरं असं की, स्वप्नझोपेचा जोर पहाटे आणि सकाळी सगळ्यात जास्त. (पहाटेची स्वप्नं खरी होतात म्हणतात. खरी होतात का ते सोडा, पण जास्त पडतात हे नक्की.) त्यामुळं सकाळच्या निजेत त्यांना स्वप्नझोप भरपूर येऊ पाहते, आणि तिच्यात घामाचा कारभार ढिला. त्यात मार्च-एप्रिलची बेळगावची दुपार ३५-३६ डिग्रीची. छत पत्र्याचं असेल तर आत विचारूच नका. शरीराला स्वप्नात ऊन आवरत नाही. मग शरीर करतं काय? पहारेकऱ्याला परत बोलवायचा एकच उपाय त्याच्याकडे असतो, माणसाला उठवायचं. मालक उठतात, पहारेकरी कामावर येतो, आणि तुंबलेला घाम एकदम सुटतो. म्हणून ‘घामाघूम होऊन उठले’ असं तुम्हाला दिसतं. बरेचदा आधी उठणं होतं, घाम मागाहून येतो. नाइटनंतरची दिवसाची झोप रात्रीपेक्षा दोन ते चार तासांनी तोकडी पडते, हे जगभरच्या नाइटवाल्यांचं गाऱ्हाणं आहे.

ओल्या टॉवेलचं काय? वाईट नाही. कपाळ गार ठेवणाऱ्या एका यंत्राला अमेरिकेत २०१६ साली निद्रानाशासाठी मान्यताही मिळाली आहे. झोप थोडी लवकर लागते, एवढंच. टॉवेलनं खोल मेंदू गार होत नाही, तो रक्तानंच होतो. टॉवेल ठेवायचाच तर पाण्यात बुडवून घट्ट पिळलेला ठेवा, आणि पंखा असू द्या. एप्रिलच्या कोरड्या हवेत ओल उडून जाते आणि गार वाटतं. जुलैत खानापूरकडचा पाऊस दाराशी आला की तोच टॉवेल नुसता दमट फडका होतो, तेव्हा नको.

म्हैस. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या डोक्यात एक सोय आहे जी आपल्याला मिळाली नाही. मेंदूकडे जाणारी धमनी कवटीच्या तळाशी आली की तिचं बारीक वाहिन्यांचं जाळं होतं, विणलेल्या चुंबळीसारखं. हे जाळं शिरेच्या रक्ताच्या एका डबक्यात बुडालेलं असतं, आणि त्या डबक्यात येणारं रक्त कुठलं? नाकातून परतलेलं. म्हशीचं नाक बघा, कायम ओलं. श्वासाबरोबर तिथली ओल उडते, रक्त गार होतं, ते मागं जाऊन डबक्यात साठतं आणि जाळ्यातून चाललेल्या धमनीच्या रक्ताची उष्णता ओढून घेतं. मेंदूला पोचणारं रक्त आधीच निवलेलं. या जाळ्याचं लॅटिन नावच मुळी ‘अद्भुत जाळं’ असं आहे. जुन्या रोमचा वैद्य गॅलेन यानं जनावरं फाडून ते बघितलं आणि माणसातही असणार असं लिहून टाकलं. पुढं हजारावर वर्षं वैद्य ते घोकत राहिले. १५४३ साली व्हेसेलियस नावाच्या वैद्यानं माणसांची शवं फाडून, चित्रं काढून सांगितलं, नाही हो, माणसाला असलं काही नाही. आम्ही हा धडा शिकवताना दरवर्षी पहिल्या बाकावरचा एक तरी मुलगा मान चाचपून बघायचा.

म्हणून म्हशीचं डोकं सहसा तापत नाही. अंग मात्र तापतं, कारण काळं कातडं आणि घर्मग्रंथी गाईपेक्षा कमी. ती तळ्यात बसते ते चैन म्हणून नव्हे. डोळे उघडे ठेवून रवंथ करते ती पेंग असते, झोप आणि जाग यांच्या उंबऱ्यावरची. गाई चोवीस तासांत खरं झोपतात चारेक तास, आणि स्वप्नझोप तासाभराच्या आतबाहेर, तीही तुकड्या-तुकड्यांत. कधी पहाटे गोठ्यात जाऊन बघा. खाली बसून, मान मागं वळवून, डोकं कुशीला टेकवून जनावर निपचित पडलं असेल, रवंथ थांबलेली असेल, पापणी थरथरत असेल, तर ते स्वप्न बघतंय असं समजा आणि चरवी जरा लांबच आपटा. मानेचे स्नायू लुळे पडल्यावर उभ्यानं ते जमतच नाही.

आता बीपी, आणि इथं मी गंमत करणार नाही. रात्रभर जागून, भट्टीपुढं घाम गाळून, रांगेत उभं राहून मोजलेला एक आकडा म्हणजे निदान नव्हे. मालक म्हणतात त्यात तथ्य आहे. पण ‘म्हणून काही नाही’ असंही नाही. झोपेत रक्तदाब १० ते २० टक्के उतरतो म्हटलं, तो उतार हीच हृदयाची आणि रक्तवाहिन्यांची रोजची सुट्टी. ज्यांचा उतरत नाही त्यांना पक्षाघाताचा, हृदयविकाराचा धोका जास्त असतो. दिवसाच्या तुटक झोपेत हा उतार पुरता मिळत नाही. म्हणून असं करा: घरी दंडाला बांधायचं मशीन घ्या किंवा कुणाचं तरी आणा. सात दिवस रोज दोनदा मोजा. झोपून उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, पाच मिनिटं पाठ टेकून बसून एकदा. शिफ्टला निघण्याआधी तसंच एकदा. वहीत तारीख, वेळ, आकडा, आदल्या झोपेचे तास लिहा. ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. सरासरी १३५/८५ च्या वर राहिली तर ते बीपी धरतात. गरज वाटली तर ते २४ तास दंडाला बांधून ठेवायचं मशीन लावतील, म्हणजे झोपेतला उतारही कळेल.

गोळी सुरू झालीच तर ‘रात्री घेतलेली जास्त लागू पडते’ असं कुणीतरी सांगेल. ब्रिटनमध्ये २१ हजारांवर लोकांवर केलेला अभ्यास २०२२ साली आला. गोळी सकाळी घ्या की संध्याकाळी, हृदयविकार आणि पक्षाघात यांत फरक पडला नाही. चुकणार नाही ती वेळ धरा. शिफ्ट बदलली म्हणून गोळी मात्र सोडायची नाही.

एक तुम्ही लिहिलं नाहीत, मी विचारते. मालक घोरतात काय? घोरता-घोरता श्वास दोन-चार क्षण अडकतो आणि मग घुसमटल्यासारखा सुटतो, असं होतं काय? होत असेल तर तेच आधी डॉक्टरांना सांगा. प्रत्येक अडकलेल्या श्वासाला रक्तदाब उसळी मारतो, उतार कसला मिळणार? आणि शिफ्ट सुटल्यावर वाटेत ‘थोडी’ घेऊन येत असतील तर तीही बंद. दारूनं कातडीतल्या वाहिन्या उघडतात, माणूस पटकन कलंडतो, पण पुढच्या अर्ध्यात झोपेच्या चिंध्या होतात आणि घोरणं वाढतं.

झोपेसाठी मालकांनी करायच्या गोष्टी फार नाहीत. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, १,१५० डिग्रीच्या पुढं वितळतं, त्याच्यापुढं आठ तास उभा राहिलेला माणूस कोरडा होऊन येतो. कोरड्या शरीरात कातडीकडे वळवायला रक्तच पुरेसं नसतं. तेव्हा पाणी शिफ्टमध्येच, तासातासाला, घरी आल्यावर एकदम तांब्याभर नव्हे. शेवटचा चहा रात्री तीनच्या आत. घरी येताना डोळ्यांवर काळा चष्मा. सकाळचं ऊन डोळ्यांत गेलं की घड्याळाला वाटतं दिवस उजाडला. आल्यावर कोमट पाण्यानं आंघोळ. गार पाणी नको, गार पाण्यानं कातडीतल्या वाहिन्या आखडतात आणि बांध बुजतो. अमेरिकेत बऱ्याच अभ्यासांची एकत्र मोजणी २०१९ साली झाली. झोपायच्या तास-दोन तास आधी गरम पाण्यानं अंग धुतलं की झोप सरासरी दहा मिनिटं लवकर लागते, असं निघालं. आंघोळ केल्या-केल्या नको, तासभर मधे जाऊ द्या. नाष्टा तेवढ्यात उरकतो.

खोली बदला. माडीवर किंवा पत्र्याखाली नको, माजघरात निजवा, तिथं जाड भिंत असते आणि उजेड कमी. खिडकीला ओलं गोणपाट. पत्र्यावर पांढरा चुना मारून घ्या, मे महिना येण्याआधी. चादर सुती, आणि पाय बाहेर ठेवायचे असतील तर ठेवू द्या, तुम्ही झाकू नका. एकला उठले तर बळेच लोळत पडू नये. जेवावं, आणि शिफ्टला निघण्याआधी संध्याकाळी तास-दीड तास पुन्हा आडवं व्हावं. दोन तुकड्यांत मिळालेली झोपही झोपच.

तळपाय नुसते गरम न लागता आग होत असेल, मुंग्या येत असतील, टोचल्यासारखं होत असेल, तर मात्र ही झोपेची गोष्ट राहत नाही. रक्तातली साखर आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या.

तुमचं. तुमच्याकडे उलट घडतं. थंडीत तुमच्या पायांतल्या आडवाटा घट्ट बंद राहतात, पायाकडे ऊबदार रक्त येत नाही, आतली उष्णता आतच राहते आणि मेंदूला झोपायचा इशारा मिळत नाही. तुम्हाला वाटतं अंग गार आहे म्हणून झोप येत नाही. खरं तर आतलं अंग गार होत नाही म्हणून येत नाही. निजायच्या तासभर आधी घमेल्यात सोसेल एवढं गरम पाणी घेऊन वीस मिनिटं पाय सोडून बसा. पुसून कोरडे करा, लोकरी मोजे घाला. झोपेत ते आपोआप नकोसे होतात, काढून टाकले की समजा काम झालं. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड एकदा बघून घ्या, बायकांच्या गार पायांमागं ही दोन कारणं पुष्कळदा असतात. एकच पाय गार पडत असेल किंवा बोटं पांढरी-निळी होत असतील तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपू नका. माझ्या आईला मधुमेह होता. डिसेंबरात मीच तिच्या पायाशी पिशवी ठेवली, वरून घोंगडं घातलं आणि स्वतःवर खूश होऊन झोपले. सकाळी टाचेवर रुपयाएवढा फोड. तिला रात्रभर कळलंच नाही, पायाला जाणीव उरली नव्हती. आणि मी तेव्हा मुलांना जाणिवेच्या नसा शिकवत होते. जखम भरायला दोन महिने गेले. सासूबाईंना साखर असेल तर त्यांच्याही बाबतीत हे लक्षात ठेवा.

राहिलं आजी-नातवाचं. त्याला सांगा, आजी निजायला गेली की पायाच्या अंगठ्याला हात लावून बघ, आणि तिचं घोरणं सुरू झाल्यावर पुन्हा बघ. दिवा न लावता, आवाज न करता. आठ दिवस वहीत लिही. मग तसंच आईचं, मोजे घालायच्या आधी आणि नंतर. आजीला यातलं काही आधी सांगू नका. अंगठा धरलेला कळला तर ती उठून बसेल, म्हणेल, ‘काय करालास रं?’ आणि त्या रात्रीचा आकडा वाया जाईल.